सिलिंडरवाल्याचे वरचे पैसे: मागावेत कसे, नाकारावेत कसे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात होटगी रोडच्या एका वाचकाचे पत्र होते. सिलिंडर पोचवणारी पोरे घरटी बिलावर ३०, ४०, ५० रुपये मागतात, ही खंडणी आहे, असल्यांना दारात उभे करू नये, असा त्याचा सूर. आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते कात्रण आले आणि दुपारपर्यंत त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मीही विजापूर रोडला बिनलिफ्टच्या तीन मजली बिल्डिंगीत राहतो. माझ्याकडेही पैसे मागतात आणि मलाही ते आवडत नाही. तरी मी अंगठा दिला नाही. का, ते लिहितो. पत्र लांबले तर खुशाल कात्री लावा, फक्त त्या पोरांच्या बाजूचे दोन परिच्छेद तेवढे राहू द्या.

नियमाच्या बाबतीत पत्रलेखक बरोबर आहेत. सिलिंडर घरपोच देण्याचा आकार बिलाच्या रकमेतच धरलेला असतो. मजला पहिला असो की चौथा, बिलावर छापलेल्या आकड्यापेक्षा एक रुपयाही जास्त देण्याचे बंधन गिऱ्हाइकावर नाही. उलट तुम्ही स्वतः गोदामावर जाऊन सिलिंडर आणलात तर पोचवण्याचा आकार बिलातून वजा व्हायला हवा. पोचवणाऱ्याजवळ वजनकाटा असायला हवा, आणि तुम्ही म्हणालात तर सिलिंडर तुमच्यासमोर तोलून, गळती तपासून द्यायला हवा. यातले काही होत नसेल तर तक्रार गॅस कंपनीकडे करता येते, किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर. (१९०६ हा गॅसगळतीसाठीचा क्रमांक आहे. आमच्या ग्रुपवर एकाने तो ‘पैसे मागितल्यास येथे फोन करा’ म्हणून टाकला होता. कृपा करून तसे करू नका. कुणाचे तरी घर वाचवायचा फोन त्यात अडकायचा.)

नियम एवढा स्वच्छ असूनही पैसे मागितले जातात आणि बहुतेक घरांतून दिले जातात, हे कसे, ते आता सांगतो.

मी एसटीत वाहक होतो, प्रवाशांच्या भाषेत मास्तर. आमच्या नोकरीत वरच्या पैशाची मोठी भीती असायची. ड्यूटीवर निघताना खिशात स्वतःचे किती पैसे आहेत ते कागदावर लिहून द्यायचे. वाटेत तपासणी पथक गाडीत चढले की विकलेली तिकिटे आणि बॅगेतली रोकड ताडून बघायचे. रोकड कमी भरली तर पंचाईत होतीच, पण जास्त भरली तरी उत्तर द्यावे लागे, हे वरचे आले कुठून म्हणून. त्यामुळे अक्कलकोटला उतरताना एखाद्याने मोठ्या मनाने ‘राहू द्या मास्तर दोन रुपये’ म्हटले तर मला त्याला हाका मारून ते परत द्यावे लागत. लोक हसायचे. सुट्टे नसले की तिकिटामागे बाकी लिहून द्यायची आणि उतरताना चुकती करायची, ही पद्धत जुन्या प्रवाशांना आठवत असेल. ती बाकी मागायला विसरलेल्या प्रवाशांवरून आम्हा वाहकांना लोकांनी काय काय म्हटले तेही आठवत असेल. आषाढीच्या जादा गाड्यांवर पंढरपूरहून परतणाऱ्या माळकरी बायका मात्र हातावर चुरमुरे आणि बत्तासे ठेवायच्या. ते मी घ्यायचो. चुरमुऱ्याची नोंद कुठल्या कागदावर करायची, हे कुठल्या साहेबाने कधी विचारले नाही.

सांगायचा मुद्दा, नोकरीभर मी वरच्या पैशाकडे संशयानेच बघत आलो. पगार होता, थोडा का असेना. २०२१ च्या संपात तो किती थोडा आहे हे साऱ्या महाराष्ट्राला कळले. पण तो महामंडळाकडून यायचा, प्रवाशापुढे हात पसरावा लागत नव्हता. म्हणून निवृत्त झाल्यावर सिलिंडरवाल्या पोराने पहिल्यांदा ५० रुपये मागितले तेव्हा मला रागच आला. त्या दिवशी बिलाएवढेच दिले. पुढच्या खेपेला तोच आला तेव्हा त्याला बसवले, पाणी दिले आणि विचारले, “पगार किती रे तुला?”

“पगार कुठला काका, नगावर हाय.”

“एजन्सी देती का?”

“एजन्सी टेंपोवाल्याला देती. टेंपोवाला मला देतो.”

“तिसऱ्या मजल्याचे जास्त देतो का?”

यावर तो नुसता हसला. तळमजल्याला जेवढे तेवढेच तिसऱ्या मजल्याला. पोरगा साखर पेठेतला. वडील पूर्वी मागावर होते, आई विड्या वळते. घरी तेलुगू, टेंपोवाल्याशी हिंदी, आमच्याशी मराठी. भरलेल्या सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, वर लोखंडाचे वजन साधारण तेवढेच किंवा थोडे जास्त, म्हणजे खांद्यावर ३० किलोच्या आसपास. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४३ च्या वर जातो तेव्हा ती टाकी उन्हात तापलेली असते. खांद्यावर पोत्याची घडी टाकून तो जिना चढतो.

आता हिशेब बघा. पोचवण्याचे पैसे मी बिलात देतो. ते एजन्सीच्या हातात पडतात. तिथून टेंपोवाल्याकडे आणि त्याच्याकडून पोराकडे येईपर्यंत त्यांचे काय उरते ते मला दिसत नाही. जे उरते त्यात त्याचे भागत नाही, म्हणून तो तेच पैसे माझ्याकडे दुसऱ्यांदा मागतो. माझ्या खिशातून दोनदा जातात, ही माझी तक्रार खरी आहे. पण त्याच्या हाताला ते दोनदा लागत नाहीत. खंडणी हा शब्द वापरायचाच असेल तर आधी मधले पैसे कुठे थांबतात ते शोधायला हवे. होटगी रोडच्या पत्रलेखकांनी थेट जिन्यातल्या माणसावर बोट ठेवले, कारण तो समोर असतो आणि एजन्सीचा मालक समोर नसतो.

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर आमची सौ. मला हे पत्र टाकू देणार नाही. हा पोरगा यायला लागण्याआधी दुसरा एक जण यायचा. त्याची तऱ्हा वेगळी होती. टेंपो खाली लावून तो फोन करायचा, “मावशी, कोड आलाय बघा मोबाइलवर, सांगा की.” एकदा सौ. घरी एकटी होती. तिने कोड सांगितला. सांगून झाल्यावर तो म्हणाला, “वर आणायचे ८० होतील, नाहीतर खालीच ठेवतो.” कोड दिला म्हणजे कंपनीच्या दृष्टीने सिलिंडर तुमच्या घरी पोचला. आता भांडायचे कशाच्या जोरावर? गुडघ्याने अधू असलेली बाई ३० किलोची टाकी तिसऱ्या मजल्यावर कशी आणणार? तिने ८० दिले. मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती धुमसत होती, आणि ८० रुपयांपेक्षा आपण घाबरलो याचा तिला जास्त राग होता.

माझ्या मते सगळा फरक इथे आहे. मागण्यात मला आता पाप वाटत नाही. पोटासाठी माणूस मागतो, तुम्ही हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. पण समोरच्याला नाही म्हणायची सोय ठेवूनच मागितले पाहिजे. सिलिंडर ओट्याखाली लावून झाला, वॉशर बघून झाला, बिलाचे पैसे मोजून झाले, आणि मग ‘काका, चहाला काय बघा की’ म्हटले, तर ते मागणे. जिन्याखाली टाकी धरून ठेवून मागितले तर ती अडवणूक. म्हणून सर्व भगिनींना माझे सांगणे, सिलिंडर स्वयंपाकघरात आल्याशिवाय आणि शेगडी पेटवून बघितल्याशिवाय कोड सांगू नका. फोनवर तर नाहीच नाही.

मी त्या प्रकरणात एजन्सीत गेलो होतो. काउंटरवरच्या माणसाने माझे बोलणे पुरते ऐकूनही घेतले नाही. म्हणाला, “नाव सांगा, उद्यापासून बंद करतो त्याला.” किती सोपे! एक पोरगा काढायचा, दुसरा त्याच भावात ठेवायचा, की महिन्याभरात दुसराही मागायला लागणार. मी नाव सांगितले नाही. मी विचारले, “पोचवण्याचा जो आकार बिलात घेता, त्यातले त्या पोराला किती देता?” तो संगणकाकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, “ते साहेबांना विचारा.” साहेब बाहेरगावी होते. तक्रार जरूर करावी, पण ती एजन्सीच्या कारभाराची करावी आणि लेखी करावी. पोराचे नाव देऊन त्याची भाकरी काढून घेतल्याने गिऱ्हाइकाचा काही फायदा होत नाही.

आणि ते व्हिडिओ! आमच्याच ग्रुपवरच्या एका गृहस्थांनी पैसे मागणाऱ्या पोराचे मोबाइलवर चित्रीकरण करून ग्रुपवर टाकले. पोराचा चेहरा स्पष्ट, गृहस्थांचा नुसता आवाज. ‘बोल, बोल, किती पाहिजेत? परत बोल.’ त्यात त्या पोराने चौथ्यांदा ‘राहू द्या साहेब’ म्हटलेले ऐकू येते, तरी चित्रीकरण चालूच. हेच गृहस्थ मागे आम्हाला एका एसी हॉटेलात भेटले होते. बिलाच्या पाकिटात त्यांनी १०० रुपयांची नोट ठेवली. वेटरने मागितली नव्हती. वेटरने वाटी-चमचे आणून ठेवले होते, तेही बसल्या जागी, वातानुकूलित हवेत. मी त्यांना नाव ठेवत नाही. चारचौघांत आपण चांगले दिसावे असे सगळ्यांनाच वाटते. जिन्यात बघायला कोणी नसते, एवढेच.

हॉटेलचा विषय निघालाच आहे तर तिथली गोष्टही सांगून टाकतो. मध्यंतरी पुण्याहून मुलगा आला तेव्हा त्याने आम्हाला जेवायला नेले. बिल आले, त्यात सर्व्हिस चार्ज म्हणून एक ओळ. मुलगा म्हणाला, हे काढा. मॅनेजर म्हणाला, हॉटेलचा नियम आहे. असा नियम चालत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितले आहे की हॉटेलांनी सर्व्हिस चार्ज आपण होऊन बिलात टाकू नये, दुसऱ्या नावानेही घेऊ नये. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, काही काळ स्थगितीही मिळाली, पण २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने हॉटेलवाल्यांच्या विरोधात निकाल दिला. गिऱ्हाइकाला वाटले तर तो स्वखुशीने देईल, बिलात लावून वसूल करता येणार नाही. मुलाने ही माहिती मोबाइलवर दाखवल्यावर ती ओळ निघाली. मग त्याने वेटरला बोलावून तेवढेच पैसे त्याच्या हातात दिले. मला ते पटले. बिलातून गेलेले पैसे वेटरपर्यंत पोचतात की गल्ल्यात राहतात हे आपल्याला कुठे माहीत असते? सिलिंडरचेच दुखणे इथेही आहे.

मुलगा सांगत होता, आता मोबाइलवरच्या गाड्या आधीच विचारतात, टीप किती देता, म्हणजे गाडी लवकर येईल. मे २०२५ मध्ये याच प्राधिकरणाने अशा एका मोठ्या टॅक्सी ॲपला नोटीस काढली होती. यात तर मागणारा माणूसही समोर नाही. यंत्र मागते, आणि भिडेपोटी माणूस देतो. आमच्याकडे अजून रिक्षावाल्याशी तोंडानेच घासाघीस चालते, आणि ती मला बरी वाटते. गड्ड्याच्या यात्रेत रिक्षावाला दुप्पट सांगतो, आपण निम्मे सांगतो, मध्ये कुठेतरी जमते. पण ते बसायच्या आधी, दोघांच्या तोंडावर. बसल्यावर, अर्ध्या वाटेत, ‘सामान जास्त हाय’ म्हणून वाढवलेले पैसे मी कधी दिलेले नाहीत आणि देणारही नाही.

टँकरचेही तेच. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या आपल्या शहरात टँकर मागवणे कुणाला चुकले आहे? टँकर आला की बरोबरचा पोरगा म्हणतो, पाइप लांब लागली, २०० वेगळे. म्हणून फोन करतानाच सांगावे, टाकी गच्चीवर आहे की जमिनीत, रस्त्यापासून पाइप किती फूट लागेल, आणि सगळे मिळून किती. एवढे ठरवून घेतले की दारात वाद होत नाही.

काही ठिकाणी मात्र मागणे मला कोणत्याही तऱ्हेने चालत नाही. माझे थोरले बंधू गेले तेव्हा खासगी शववाहिकेच्या चालकाने गाडी स्मशानाच्या फाटकाशी थांबवून वरचे पैसे मागितले. पुतण्याने खिशात हात घालून किती निघाले तेही न बघता दिले. अशा वेळी कोणीही देतो. ज्याची शुद्ध ठिकाणावर नाही त्याच्याकडून घेतलेल्या पैशाला मी तरी मेहनताना म्हणणार नाही.

दवाखान्यातली गंमत वेगळी. नातीच्या वेळी एका खासगी दवाखान्यात होतो. बाळ बाहेर आणून दाखवताना आयाबाई म्हणाल्या, “पोरगा असता तर हजार घेतले असते, पोरगी हाय, पाचशे द्या.” जावई खिशाकडे हात नेत होते. पण आमच्या विहीणबाई फटकळ. म्हणाल्या, “म्हणजे पोरगी झाली म्हणून सूट देता होय? मग सगळीच सूट द्या.” आणि दमडी दिली नाही. घरी निघायच्या दिवशी मात्र त्याच आयाबाईंना बोलावून त्यांनी हातात साडी आणि पाकीट ठेवले. रात्री-अपरात्री बाळ रडले की त्या बाळाला घेऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घालायच्या, ते विहीणबाईंनी बघितले होते. पाकिटात किती होते ते मला सांगितलेले नाही. देणे असावे तर असे, असे मला वाटते. जाता जाता, सरकारी दवाखान्यात बाळंतपण असेल तर हा प्रश्नच येऊ नये. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, औषधे, तपासण्या, जेवण आणि घरी सोडायची गाडीसुद्धा मोफत आहे.

सरकारी खुर्चीवर बसलेल्या माणसाने मागितले तर ते ना बक्षिसी, ना चहापाणी. ती लाच. तिथे माणूस गरीब आहे, पगार कमी आहे, ही दया मी दाखवत नाही. पगाराची पावती त्याच्या खिशात असते. आणि हेही लक्षात ठेवा, २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार आहे, ७ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कुणी भागच पाडले असेल तर ७ दिवसांच्या आत कळवावे लागते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. सिलिंडरवाल्या पोरावर तावातावाने पत्र लिहिणारी किती माणसे आयुष्यात एकदा तरी हा क्रमांक फिरवतील, हा माझा कुजकट प्रश्न आहे. छापला नाही तरी चालेल.

दिवाळीच्या पोस्ताबद्दल लिहायचे तर वेगळे पत्र होईल, म्हणून थोडक्यात. वसुबारसेपासून दारावरची घंटा थांबत नाही. कोणी वही घेऊन येतो, वहीत आधीच्या घरांची नावे आणि पुढे आकडे. आपल्या वरच्या ओळीत २०० दिसले की आपला हात ५० वर जात नाही. या वहीत बघायचेच नाही, असा माझा नेम आहे. येणारा माणूस वर्षभर आपल्या दारात दिसला आहे का, एवढे बघावे आणि आपल्या मनातले द्यावे. ज्याला कधी पाहिलेच नाही त्याला नमस्कार करावा.

पण घरकाम करणाऱ्या बाईंचे पोस्त हा माझ्या लेखी पोस्ताचा प्रकारच नाही. आपले शहर गिरण्यांचे आणि मागांचे. दिवाळी आली की यंत्रमाग कामगारांच्या बोनसची बोलणी सुरू होतात हे सोलापूरकराला सांगायला नको. बोनसच्या कायद्याने किमान बोनस वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के ठरला, म्हणजे सरळ एक महिन्याचा पगार. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला हा कायदा लागू नाही, कारण एक घर म्हणजे कारखाना नव्हे. पण महिन्याच्या पगाराचा तो हिशेब घरात लागू करायला कायद्याची काय गरज? सौ. वसुबारसेच्या आधी एक पगार बाईंच्या हातावर ठेवते, त्यांनी मागायच्या आत. शेजारच्या काकू म्हणतात, तुमच्यामुळे आमचा रेट वाढतो. वाढू दे की.

आता नाही म्हणण्याबद्दल, कारण पुष्कळांची अडचण तिथेच आहे. माझा जावई भिडस्त. नाही म्हणता येत नाही म्हणून देतो आणि दिल्यावर दिवसभर चिडचिड करतो. द्यायचे नसेल तर पहिल्याच वाक्यात सांगावे, “बिलाएवढेच देतो, बाळा.” कारण सांगत बसू नये. ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणू नये, कारण तो पुढच्या वेळी लक्षात ठेवून येतो आणि मग आपणच खोटे पडतो. ‘तुमच्या एजन्सीला कळवू का’ असे धमकावू नये. कळवायचे असेल तर कळवावे, त्याला सांगून काय मिळते? उन्हाचा आला असेल तर पाणी विचारावे. पैसे नाकारले म्हणून पाणीही नाकारायचे, असे काही नाही. आणि द्यायचे असतील तर हातात द्यावेत, कठड्यावर ठेवू नयेत. बिलाचे पैसे ऑनलाइन देत असाल तर बिल एजन्सीच्या क्यूआरवर आणि वरचे त्याच्या स्वतःच्या नंबरवर किंवा रोख, म्हणजे हिशेबात घोळ होत नाही आणि ‘सुट्टे नाहीत’ हे जुने गाणेही ऐकावे लागत नाही. सुट्ट्यांचे गाणे मी इतकी वर्षे ऐकले आणि ऐकवले आहे की आता ते बंद झाल्याचा मला खरोखर आनंद आहे.

आमच्या बिल्डिंगीत आम्ही काय केले ते सांगतो. ग्रुपवर अंगठे देण्यापेक्षा खाली पार्किंगमध्ये बैठक घेतली. ठरले ते असे: तळमजल्याने काही द्यायचे नाही, पहिल्या मजल्याने १०, दुसऱ्याने २०, तिसऱ्याने ३०. सिलिंडर घरात लागल्यावर द्यायचे, आधी नाही. कोड शेवटी. ज्याला द्यायचे नाहीत त्याने देऊ नयेत, त्याचा तो हक्क आहे, आणि त्याला सिलिंडर वर आणून मिळालाच पाहिजे. यापेक्षा जास्त कोणी मागितले तर बिल्डिंगच्या वतीने एजन्सीला लेखी कळवायचे, एकट्या बाईने जिन्यात वाद घालायचा नाही. हे सगळे एका कागदावर लिहून मीटरच्या पेटीशेजारी लावले आहे. पोराला वाचून दाखवले तर म्हणाला, “बरं झालं काका, मागायचं वाचलं.”

दुसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त लेखनिक याला कडाडून विरोध करतात. त्यांचे म्हणणे, नियमाने जे फुकट आहे त्याला तुम्ही दर लावलात, उद्या हाच दर हक्क होईल, परवा वाढेल, आणि एजन्सी पोराचे पैसे आणखी कापेल, कारण तुम्ही भरून काढताच आहात. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. शेवटचा मुद्दा तर मला खोडता आला नाही. ते पैसे देत नाहीत, आणि त्यांचा सिलिंडर वर येतो. पोरगा त्यांच्याकडे आता मागतही नाही. मी एवढेच म्हणालो की एजन्सीचे कापणे थांबेपर्यंत जिना चढणाऱ्याने काय करायचे? यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. रोज संध्याकाळी फिरायला मात्र बरोबर जातो.

त्यांच्याच सांगण्यावरून एक गोष्ट केली. बिल्डिंगच्या सर्व बिऱ्हाडांच्या सह्या घेऊन एजन्सीला पत्र दिले आणि त्याची पोच घेतली. पत्रात एकच विचारले आहे, पोचवण्याचा जो आकार आमच्याकडून घेतला जातो, त्यातला किती वाटा प्रत्यक्ष पोचवणाऱ्याला मिळतो आणि मजल्याप्रमाणे त्यात काही वाढ आहे का. मजकूर लेखनिकांनी लिहिला, त्यामुळे तो माझ्या या पत्रापेक्षा पुष्कळ छोटा आहे. एक प्रत गॅस कंपनीच्या कार्यालयालाही पाठवली. होटगी रोडच्या पत्रलेखकांना माझी विनंती, त्यांनीही त्यांच्या भागातल्या एजन्सीला असेच पत्र द्यावे. मजकूर हवा असेल तर आपल्यामार्फत पाठवीन. आम्हाला अजून उत्तर आलेले नाही. आले की कळवतो.

आपला नम्र,
एक निवृत्त एसटी वाहक
विजापूर रोड, सोलापूर

(नाव व पत्ता सोबत जोडला आहे, छापू नये ही विनंती.)